वाम, अहीर आणि अथांग सागर : एका मत्स्यनामाचा अर्थविचार

१. प्रास्ताविक

मराठी कोशांतून वनस्पती, पक्षी आणि मासे ह्यांच्या नावांपुढे पुष्कळदा 'एक प्रकारचे झाड', 'एक पक्षी', 'एक प्रकारचा मासा' एवढाच अर्थ दिलेला आढळतो. हा अर्थ चुकीचा नसतो. परंतु त्याला व्याख्याही म्हणता येत नाही. व्याख्येचे काम एका वस्तूस तिच्या सजातीय वस्तूंपासून वेगळे करून दाखविण्याचे असते, आणि 'एक प्रकारचा मासा' ह्या शब्दांनी एकही मासा दुसऱ्यापासून वेगळा होत नाही. ज्या शब्दांचा वापर काही विशिष्ट समाजांपुरता मर्यादित असतो त्यांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. कारण ते समाज आपला व्यवसाय सोडतात तेव्हा शब्दाचा खरा अर्थही त्यांच्याबरोबर जातो आणि कोशात केवळ त्याचे टरफल उरते.

'वाम' आणि 'अहीर' ही दोन मत्स्यनामे ह्या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहेत. दोन्ही नावे सापासारख्या लांबट, लिबलिबीत अंगाच्या माशांना उद्देशून वापरली जातात. कोणत्याही समुद्रकिनाऱ्यापासून दूर असलेल्या कृष्णा-येरळेच्या खोऱ्यात, म्हणजे सातारा-सांगलीच्या ज्या पट्ट्यात कडेगाव वसले आहे त्या पट्ट्यात, ह्या नावांचा विचार करू लागले असता तो विचार अखेर हिंदी महासागराच्या खोल, काळोख्या पाण्यापर्यंत जाऊन पोहोचतो. हे कसे घडते, आणि प्राण्याचे निवासस्थान हे त्याच्या नावाच्या अर्थाचे अंग कसे ठरते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पुढील विवेचनात 'ईल' हा शब्द प्राणिशास्त्राने मानलेल्या खऱ्या ईल-गणापुरता वापरला आहे. ह्या गणात सुमारे एक हजार जाती मोडतात आणि त्यांतील बहुतेक सर्व समुद्रवासी आहेत.

२. एक नाव, अनेक प्राणी

कोकण किनाऱ्यावरील कोळी ज्यास 'वाम' म्हणतो तो समुद्रातील मोठा, तीक्ष्ण दातांचा, रुपेरी अंगाचा ईल होय. तो उथळ सागराच्या चिखलट तळाशी राहतो, जाळ्यात व गळावर सापडतो आणि बाजारात तुकडे करून विकला जातो. घाटमाथ्यावरचा भोई ज्यास 'वाम' किंवा 'वांब' म्हणतो तो मात्र नदीतला मासा आहे. त्याच्या तोंडाच्या टोकाशी मांसल सोंडेसारखा भाग असतो आणि पाठीवर सुट्या, टोकदार काट्यांची ओळ असते. त्यास हाताळताना हे काटे हमखास टोचतात. प्राणिशास्त्रात त्याचे नाव 'मास्टासेम्बेलस आर्माटस' असे असून त्यातील 'आर्माटस' म्हणजे 'सशस्त्र' हे विशेषण ह्या काट्यांमुळेच मिळाले आहे. हा नदीतला वाम दिसण्यात ईलसारखा असला तरी ईल नव्हे. त्याचा गण निराळा आहे.

ह्याच दुसऱ्या गणातील एक प्राणी कृष्णेच्या उगमाजवळ आढळतो. महाबळेश्वर येथून मिळालेल्या नमुन्यांवरून सायलस आणि डॉसन ह्यांनी १९६१ साली एका बिळात राहणाऱ्या, जवळजवळ पर नसलेल्या, गांडुळाची आठवण करून देणाऱ्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. तोही दिसण्यात ईल, पण वंशाने ईल नाही.

तिसरा प्राणी 'अहीर'. त्याच्या पाठीवर काटे नसतात. पाठीचा, शेपटीचा आणि पोटाकडचा पर एकमेकांस जोडून अखंड झालर बनलेली असते. पोटाजवळची परांची जोडी नसते. अंगावर पिवळसर-तपकिरी छटेवर गडद डाग असतात. तो मीटरभर किंवा त्याहूनही लांब वाढतो, दिवसा डोहातील कपारींत व मुळांच्या जाळ्यात दडून राहतो आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडतो. प्राणिशास्त्रात त्यास 'आंग्विला बेंगालेन्सिस' म्हणतात. हा मात्र खरा ईल होय. ह्यावरून असे दिसते की, घाटावरचा वाम आणि किनाऱ्यावरचा वाम हे नावाने एक पण वंशाने परके आहेत; उलट घाटावरचा अहीर आणि किनाऱ्यावरचा वाम हे नावाने वेगळे पण वंशाने आप्त आहेत.

लोकव्यवहाराचे वर्गीकरण येथे चुकले आहे असा निष्कर्ष घाईने काढणे योग्य नव्हे. कोळी आणि भोई एकाच पाण्यात मासे मारीत नाहीत; त्यांच्या बोलण्यात 'वाम' ह्या शब्दाने घोटाळा होण्याचा प्रसंगच येत नाही. शब्दाचा अर्थ पाण्याने निश्चित केलेला असतो. घोटाळा होतो तो कोशात, कारण कोशात पाणी नसते.

३. व्युत्पत्तीचा विचार

'वाम' ह्या शब्दाचा मागोवा बऱ्याच निश्चितपणे घेता येतो. संस्कृतात 'वर्मि' हे एका माशाचे नाव आहे. चर्म–चाम, कर्म–काम, घर्म–घाम ह्या परिवर्तनांत जो नियम दिसतो तोच येथे लागू पडतो : प्राकृतात 'र्म' ह्या संयोगाचा 'म्म' झाला, पुढे द्वित्व जाऊन आधीचा स्वर दीर्घ झाला आणि अंत्य ऱ्हस्व इकार गळून पडला. हिंदीतील 'बाम' आणि बंगालीतील 'बाइन' हे त्याचेच भाऊबंद. 'वांब' ह्या रूपात ओष्ठ्य अनुनासिकानंतर 'ब'चा उच्चार शिरला आहे. ही प्रवृत्ती 'ताम्र'पासून 'तांबे' होण्यातही दिसते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात माशांचे नादेय आणि सामुद्र असे दोन वर्ग केले असून 'वर्मि' हा नादेय माशांत गणला आहे. म्हणजे प्राचीन वैद्यकाने माशांचे वर्गीकरण अंगलक्षणांपेक्षा निवासस्थानावरून केले. आहारविचाराच्या दृष्टीने हे वर्गीकरण सोयीचे होते, आणि भाषेच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. कारण मत्स्यनामांच्या अर्थात 'कोठले पाणी' हा घटक किती जुना आहे ह्याची त्यावरून साक्ष पटते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. त्यातील मत्स्यनामांचा अभ्यास प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केला. दख्खनच्या मत्स्यनामांचा अभ्यास करणाऱ्याने ह्या दोन्ही ग्रंथांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

'अहीर' शब्दाची गोष्ट इतकी सरळ नाही. संस्कृत 'अहि' म्हणजे साप. त्याच्याशी ह्या नावाचा संबंध जोडण्याचा मोह सहज होतो. लॅटिनमध्ये सापाला 'आंग्विस' आणि ईलला 'आंग्विला' म्हणतात, हे उदाहरण त्या मोहास बळ देते. परंतु अर्थाचे साम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा होत नाही. अंत्य 'र' कोठून आला ह्याचा उलगडा झाल्याशिवाय हा संबंध सिद्ध मानता येणार नाही. जातिवाचक 'अहीर' शब्द 'आभीर'पासून आला आहे. त्याचे आणि मत्स्यवाचक शब्दाचे रूप एक असले तरी ते दोन स्वतंत्र शब्द मानणेच इष्ट.

येथे नामकरणाच्या इतिहासातील एक प्रसंग नोंदविण्याजोगा आहे. कर्नल साइक्स ह्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्याने अनेक जातींना स्थानिक मराठी नावेच लॅटिन वेषात दिली; शिंगटी आणि खुद्री ही नावे त्यामुळे आजही शास्त्रीय नामावलीत टिकून आहेत. ईलच्या बाबतीत मात्र त्याने हा मार्ग सोडला आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्याच्या गौरवार्थ 'आंग्विला एल्फिन्स्टोनी' असे नाव ठेवले. ह्याच जातीचे वर्णन जॉन एडवर्ड ग्रे ह्याने १८३१ सालीच केले होते. अग्रक्रमाच्या नियमानुसार ग्रेचे 'बेंगालेन्सिस' हे नाव ग्राह्य ठरले आणि साइक्सचे नाव पर्यायनामांच्या यादीत गेले. अशा रीतीने दख्खनच्या ज्या माशाला मराठी नावाची सर्वांत अधिक गरज होती, त्याच्या शास्त्रीय नावात मराठीचा अंश उरला नाही.

४. अहीरचे जीवनचक्र

ईलची उत्पत्ती हे दीर्घकाळ एक कोडे होते. नदीत पकडलेल्या ईलच्या पोटात अंडी आढळत नसत. त्यामुळे ॲरिस्टॉटलने ते चिखलातून आपोआप उपजतात असे मानले. १८५६ साली काउप ह्याने समुद्रातील एका पारदर्शक, पानासारख्या चपट्या प्राण्याला स्वतंत्र मासा समजून नाव दिले. १८९६ साली ग्रासी आणि कालांद्रुच्चो ह्या इटालियन शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, हा प्राणी स्वतंत्र जात नसून ईलचा डिंभ, म्हणजे बाल्यावस्था, आहे. पुढे डेन्मार्कच्या योहानेस श्मिट ह्याने वर्षानुवर्षे अटलांटिकमध्ये असे डिंभ गोळा केले आणि ते जसजसे लहान आकाराचे मिळत गेले तसतसा मागोवा घेत १९२२ साली युरोपीय ईलचे जन्मस्थान सारगासो समुद्र असल्याचे प्रतिपादन केले. जपानी ईलची अंडी २००९ साली पश्चिम मारियाना पर्वतरांगेजवळच्या खुल्या महासागरात प्रत्यक्ष सापडली.

अहीर ह्याच कुळातील आहे आणि त्याचे जीवनही ह्याच क्रमाने चालते. हिंदी महासागरातील ईल-डिंभ सुमात्रा बेटाच्या पश्चिमेकडील पाण्यात मिळाले असून ह्या कुळाचे एक जन्मक्षेत्र तेथे असावे असे मानले जाते. अंड्यातून बाहेर पडलेला डिंभ प्रवाहाबरोबर महिनोन्‌महिने वाहत जातो. किनाऱ्याजवळ आल्यावर त्याचे पान मिटते आणि त्याचा दोऱ्यासारखा, काचेप्रमाणे पारदर्शक असा छोटा ईल होतो. तो नदीमुखात शिरतो, रंग धारण करतो आणि प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतो. त्वचेतूनही श्वसन करता येत असल्याने ओल्या खडकावरून, भिंतीवरून आणि पावसाळ्यात भिजलेल्या गवतातूनही तो सरपटत जाऊ शकतो. नदीच्या डोहात तो अनेक वर्षे काढतो.

पक्व होण्याची वेळ आली म्हणजे त्याच्यात विलक्षण बदल घडतात. डोळे मोठे होतात, पोट रुपेरी होते, अन्ननलिका आक्रसते. कारण ह्यापुढे तो खाणार नसतो. पुराच्या पाण्याबरोबर तो समुद्राकडे निघतो. युरोपीय ईलला उपकरणे बांधून केलेल्या निरीक्षणांत असे दिसले की, समुद्रात शिरल्यावर हे प्राणी रात्री सुमारे २०० मीटर आणि दिवसा सुमारे १,००० मीटरपर्यंतच्या खोलीतून प्रवास करतात. अंडी घातल्यावर त्यांचे जीवन संपते. मोठे डोळे आणि रुपेरी पोट ही ह्या खोल, अंधुक पाण्याची तयारी असते. डोहात राहणाऱ्या माशाच्या शरीरात ही तयारी आधीपासून दडलेली असावी, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

५. खोल सागरातील आप्त

समुद्राच्या पृष्ठभागाखाली सुमारे २०० मीटरांनंतर वनस्पतींना पुरेल इतका प्रकाश राहत नाही आणि १,००० मीटरांनंतर सूर्यप्रकाश मुळीच पोहोचत नाही. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. तळाकडील पाण्याचे तापमान शून्याच्या वर थोडेच अंश असते. ह्या प्रदेशातील ईल दोन प्रकारच्या निवासांत विभागले गेले आहेत.

पहिला निवास तळ आणि पृष्ठभाग ह्यांच्या मधल्या अधांतरी पाण्याचा. येथे आधाराला काहीच नसते आणि भक्ष्याची गाठ क्वचित पडते. म्हणून येथील ईलचे शरीर हलके आणि जबडे असाधारण असतात. पाणलाव्याच्या चोचीसारखे लांब, बाहेर वळलेले जबडे असलेला 'नेमिक्थिस' मीटरभराहून लांब पण दोरीसारखा बारीक असतो. त्याच्या कण्यात सातशेहून अधिक मणके असू शकतात. 'युरिफॅरिंक्स' ह्या दुसऱ्या प्राण्याचे तोंड पेलिकन पक्ष्याच्या पिशवीसारखे पसरते आणि शेपटीच्या टोकाशी प्रकाश देणारे इंद्रिय असते.

दुसरा निवास समुद्रतळाचा, विशेषतः समुद्रातील पर्वतांचा. २००५ साली अमेरिकन सामोआजवळ एका जलमग्न ज्वालामुखीच्या विवरात नव्याने वाढलेल्या शिखरावर शेकडो ईल खडकांच्या फटींतून राहताना आढळले. संशोधकांनी त्या जागेस 'ईलनगरी' असे नाव दिले. प्रवाहाबरोबर पर्वतमाथ्याकडे वाहून येणाऱ्या सूक्ष्म कोळंबीसदृश प्राण्यांवर हे ईल जगत होते. प्रशांत महासागरात ३,००० मीटरांहून खोल असलेल्या एका पर्वतमाथ्यावर आमिष लावून घेतलेल्या चित्रणात एका वेळी ११५ ईल मोजले गेल्याची नोंद २०२० साली प्रसिद्ध झाली. त्याच भागातील सपाट तळावर असे थवे दिसले नाहीत. सपाट तळ आणि पर्वतमाथा ही भिन्न निवासस्थाने आहेत, हे त्यावरून स्पष्ट झाले.

भारताच्या सागरातील खोल पाण्याच्या माशांचा पाया ए. डब्ल्यू. अल्कॉक ह्याने घातला. 'इन्व्हेस्टिगेटर' ह्या सर्वेक्षण-नौकेवर काम करून त्याने अनेक जातींची वर्णने केली आणि १८९९ साली त्यांची सूची प्रसिद्ध केली. त्यातील एका लांबतोंड्या ईल-प्रजातीचे नाव 'गाविआलिसेप्स', म्हणजे 'घडियाल-शीर्ष'. साइक्सने जे टाळले ते येथे योगायोगाने घडले : सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या पाण्यातील प्राण्याच्या नावात गंगाकाठचा 'घडियाल' शब्द जाऊन बसला.

ह्या खोल पाण्यातील ईलचा आणि अहीरचा संबंध केवळ प्रवासापुरता नाही. इनौए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व १९ ईल-कुळांतील ५६ जातींच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून २०१० साली असा निष्कर्ष मांडला की, नदीत राहणाऱ्या ईलचे सर्वांत जवळचे नातलग उथळ किनाऱ्यावरचे ईल नसून अधांतरी खोल पाण्यात राहणारे हे विचित्र जबड्यांचे ईलच होत. म्हणजे अहीरचे पूर्वज खोल सागरातले. तेथून ते अन्नाच्या विपुलतेमुळे नद्यांत आले, परंतु जन्म आणि मृत्यू ह्यांसाठी मूळ ठिकाणी परतण्याची रीत त्यांनी सोडली नाही. प्राचीनांच्या नादेय-सामुद्र विभागणीत ह्या प्राण्यास कोणत्याही एका बाजूस ठेवता येत नाही.

६. कृष्णेची वाट

कडेगावपासून अरबी समुद्र सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे. परंतु मध्ये सह्याद्री असल्याने तेथील पाणी त्या समुद्रास जात नाही. कडेगाव परिसरातील ओढे येरळेस मिळतात, येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते आणि कृष्णा पूर्वेकडे हजाराहून अधिक किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. ह्या खोऱ्यात येणाऱ्या अहीरला हीच वाट चढून यावे लागते, आणि पक्व झाल्यावर हीच वाट उतरावी लागते.

ही वाट आता मोकळी नाही. विजयवाड्याजवळ १८५५ साली पहिला बंधारा पूर्ण झाला. त्याच्या जागी १९५७ साली प्रकाशम् बंधारा आला. नागार्जुनसागर धरण १९६७ साली पूर्ण झाले. त्याची उंची १२४ मीटर आहे. त्यानंतरच्या दशकांत श्रीशैलम्, जुराळा, नारायणपूर आणि अलमट्टी ही धरणे उभी राहिली. लहान बंधाऱ्याच्या ओल्या भिंतीवरून ईलचे पिल्लू चढू शकते. शंभर मीटरांहून उंच कोरड्या भिंतीवरून चढू शकत नाही. वर पोहोचलेला प्राणी परत निघाला तर लांब अंगामुळे जनित्रांच्या पात्यांत सापडून मरण्याचा धोका त्यास इतर माशांपेक्षा अधिक असतो.

कडेगाव हा अवर्षणप्रवण भाग. टेंभू उपसा सिंचन योजनेमुळे कऱ्हाड तालुक्यातील टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून ह्या भागास मिळू लागले. त्या पाण्याचे मोल तेथील शेतकऱ्यास सांगण्याची आवश्यकता नाही, आणि धरणांविषयी येथे जे म्हटले आहे त्यातून ते मोल कमी लेखण्याचा हेतूही नाही. परंतु पंपाने चढविलेले पाणी आणि नदीची वाट ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे नमूद केले पाहिजे. पहिलीने शेत भिजते. मासा येतो तो दुसरीनेच. युरोपात पिल्लांसाठी बंधाऱ्यांवर खरबरीत उतरंडी बांधल्या जातात, आणि २००७ सालच्या युरोपीय संघाच्या नियमाने पक्व ईलचा ठरावीक हिस्सा समुद्रापर्यंत पोहोचू देण्याचे बंधन घातले. तेथील पिल्लांची आवक १९८० पूर्वीच्या मानाने नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्यानंतर ही जाग आली.

७. उपसंहार : अभ्यासकांचे कर्तव्य

नदीतला वाम ह्या सर्व घडामोडींतही टिकून राहू शकतो. त्याचे सारे आयुष्य गोड्या पाण्यात जाते आणि त्यास समुद्राची गरज नसते. अहीरला ती आहे. आता बोलीत 'अहीर' शब्द मागे पडून दोघांनाही 'वाम' म्हटले जाऊ लागले, तर बाजारात आणि नोंदींत 'वाम' कायम दिसत राहील आणि त्यातील एक प्राणी नाहीसा झाल्याचे कोणाच्याही लक्षात येणार नाही. शब्दाची हानी येथे वस्तूच्या हानीवर पडदा टाकते. उलट, वृद्ध भोयांच्या तोंडी 'अहीर' शब्द जिवंत असेल, तर मासा दिसेनासा झाल्यावरही एका पिढीपर्यंत तो शब्द त्या प्राण्याच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. अमुक डोहात अमुक काळापर्यंत अहीर मिळत असे, ही आठवण भाषाशास्त्रज्ञाने टिपली तर ती प्राणिशास्त्रज्ञाच्याही कामी येते.

ह्यासाठी बोलींचे सर्वेक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यांनी मत्स्यनामे नोंदविताना नाव आणि प्रमाण मराठी प्रतिशब्द एवढ्यावर थांबू नये. पाठीवर सुटे काटे आहेत की अखंड झालर आहे, हा एकच प्रश्न वाम आणि अहीर ह्यांचा निकाल लावतो. मासा कोणत्या पाण्यात, म्हणजे डोहात, ओढ्यात, खाडीत की समुद्रात मिळतो. वर्षातील कोणत्या काळात मिळतो किंवा पूर्वी मिळत असे. लहान पिल्लू आणि पूर्ण वाढ झालेला मासा ह्यांना वेगवेगळी नावे आहेत काय. आणि तो शेवटचा केव्हा व कोठे पाहिल्याचे स्मरते, हे प्रश्नही विचारले पाहिजेत. उत्तर देणाऱ्याचे वय, व्यवसाय आणि गाव ह्यांची नोंद नेहमीप्रमाणे असावीच. शक्य तेथे प्राणिशास्त्र विभागाच्या साहाय्याने चित्रे दाखवून ओळख पडताळून घ्यावी. केवळ वर्णनावरून केलेली ओळख दोन शास्त्रांनाही निरुपयोगी ठरते.

असे साहित्य जमल्यावर कोशातील नोंद दोन ओळींची राहिली तरी चालेल; मात्र त्या दोन ओळींत प्राण्याचे अंगलक्षण आणि त्याचे पाणी ह्या दोन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. 'अहीर : पाठीवर काटे नसलेला, अखंड झालरीचा, सापासारखा मासा, नदीच्या डोहात वाढतो, खोल समुद्रात जन्मतो व अंडी घालण्यासाठी तेथेच परततो' ही व्याख्या 'एक प्रकारचा मासा' ह्याहून फार मोठी नाही. परंतु ती वाचणाऱ्यास हा मासा वामापासून वेगळा ओळखता येईल, आणि तो नदीत का दिसेनासा झाला हा प्रश्नही त्यास सुचू शकेल.